ऐकायला येणारे आणि घ्यायला येणारे : हाय-फाय ऑडिओच्या दुकानाचं गणित

मागच्या व्हिडिओत आपण छंदावर चालणाऱ्या दुकानांबद्दल बोललो. सायकली, कॅमेरे, मत्स्यालय आणि सगळ्यात शेवटी हाय-फाय ऑडिओ. शेवटच्या विषयाला जेमतेम चार मिनिटं मिळाली आणि प्रश्न नेमके त्यावरच जास्त आले. व्हिडिओत आकडेमोड करता आली नव्हती, ती इथे करू. वही-पेन घेऊन बसा, कारण हा लेख नुसता वाचून उपयोग नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ‘साउंड’चा धंदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डॉल्बी येते, म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. तो भाड्याचा धंदा. त्याचं गणित वेगळं, सीझन वेगळा, पोलिसांच्या परवानग्या वेगळ्या. आपण बोलतोय ते घरात बसून गाणं ऐकणाऱ्या माणसाच्या दुकानाबद्दल. अॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, रेकॉर्ड प्लेअर, हल्ली स्ट्रीमर आणि डॅक. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, मूळ आवाजाशी इमान राखणारा आवाज. मिरवणुकीत छाती दणाणली पाहिजे. इथे तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत.

प्रश्न विचारणाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातला एक तरुण आहे. आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतोय. हातात कला आहे, कान तयार आहे. त्याच्याकडे नऊ लाख रुपये आहेत आणि त्यातले सहा लाख वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे. त्याला मेन रोडला गाळा घेऊन हाय-फाय शोरूम टाकायची आहे. त्याचा प्रश्न असा : “सर, आमच्या दुकानात रोज पाच-सहा शौकीन येऊन बसतात. तासन् तास बोलतात. एवढी आवड असलेले लोक असताना शोरूम चालणार नाही का?”

या प्रश्नाचं उत्तर त्या पाच-सहा जणांतच आहे. जरा त्यांच्याकडे बघू.

लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीला जा, ऑडिओच्या कोणत्याही जुन्या दुकानात शनिवारी संध्याकाळी तीच मंडळी दिसतील. एक निवृत्त काका असतात. त्यांच्याकडे जुना गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअर आणि तीनशे तबकड्या असतात आणि त्यांना फक्त पिन पाहिजे असते. एक इंजिनिअर पोरगा असतो, तो बाहेरून बोर्ड मागवून स्वतःच अॅम्प्लिफायर बनवतो आणि तुमच्याकडून स्क्रू टर्मिनल आणि वायर घेतो. एक डॉक्टर किंवा वकील असतो, त्याच्याकडे पैसा आहे, पण तो दर आठ महिन्यांनी जुना सेट काढून नवा घेतो. एक जण असा असतो की ज्याने सगळ्या कंपन्यांचे सगळे स्पेसिफिकेशन पाठ केलेत आणि आजवर काहीच घेतलेलं नाही. आणि या सगळ्यांच्या गर्दीमागे दारातच घुटमळणारं एक नवरा-बायकोचं जोडपं असतं. त्यांना हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवायला काहीतरी बरं हवं असतं, पण आत चाललेली चर्चा ऐकून ते बिचकतात आणि परत जातात.

त्या जोडप्याकडे लक्ष द्या. ते परत गेलं हे गल्ल्यात कुठेच दिसत नाही.

आता पैशाचं बघू. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावाचे घाला. भाडं २५,०००. एसीसकट वीजबिल ६,०००. एक मदतनीस १५,०००. इंटरनेट, चहा, पॅकिंग, किरकोळ ४,०००. झाले महिन्याला ५०,०००, आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही. महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार करा. दुकानाचा एक तास साधारण २४० रुपयांना पडतो.

गिऱ्हाईक आलं, तुम्ही तीन तास डेमो दिला. खर्च ७२०. समजा चार डेमोंमागे एक विक्री होते, तर एका विक्रीला डेमोचाच खर्च २,८८०. ४०,००० रुपयांचा स्पीकर-अॅम्प्लिफायर सेट विकला आणि मार्जिन १५ टक्के धरलं, तर हातात ६,००० आले. डेमो वजा जाता ३,१२० उरले. ठीक आहे. पण १२,००० च्या साउंडबारसाठी तोच तीन तासांचा डेमो दिला तर मार्जिन १,८०० आणि डेमोचा खर्च २,८८०. म्हणजे वस्तू विकून खिशातले हजार रुपये गेले. शिवाय साउंडबार ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि गिऱ्हाईक दुकानात उभं राहूनच मोबाइलवर भाव बघतं.

याचा अर्थ साउंडबार विकू नका असा नाही. साउंडबारला पंधरा मिनिटं आणि सेटला दीड तास, हे आधीच ठरवा आणि सेटचा डेमो वेळ ठरवून, फोन करून येणाऱ्यालाच द्या. वेळ ठरवून येणारा माणूस घरून थोडं तरी ठरवून आलेला असतो. डेमोला पैसे घ्यावेत का, असंही बरेच जण विचारतात. माझं मत : आपल्याकडे घेऊ नयेत. लोक एकदा देतील, पण नंतर फिरकणार नाहीत.

आता एक परदेशातलं उदाहरण, कारण या धंद्यात ते टाळताच येत नाही. इंग्लंडमध्ये ‘रिचर साउंड्स’ नावाची हाय-फाय दुकानांची साखळी आहे. ज्युलियन रिचर नावाच्या मुलाने शाळेत असतानाच जुनी ऑडिओ यंत्रं घेऊन, नीट करून विकायला सुरुवात केली होती. १९७८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याने लंडन ब्रिजजवळ पहिलं दुकान टाकलं. जागा चिमुकली. मोठ्या कंपन्या मॉडेल बदलतात तेव्हा जुन्या मॉडेलचा माल गोदामात पडून राहतो; तो माल तो स्वस्तात उचलायचा आणि स्वस्तात विकायचा. त्या एवढ्याशा दुकानाची दर चौरस फुटामागची विक्री जगात सर्वाधिक म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली.

बरेच जण ही गोष्ट सांगताना ‘स्वस्त विका’ एवढंच उचलतात. मला तिथला दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो, तो म्हणजे माणसं. ग्राहकाने सेवेबद्दल चांगला शेरा दिला की त्या विक्रेत्याला बक्षीस आणि वाईट शेरा दिला की वजावट, अशी पद्धत त्यांनी लावली. कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एकदा पबमध्ये एकत्र बसून सुधारणा सुचवाव्यात म्हणून माणशी पाच पौंड दिले जायचे. महिन्यात उत्तम काम करणाऱ्या शाखेला कंपनीची बेंटली किंवा रोल्स-रॉइस वापरायला मिळायची. २०१९ मध्ये साठीला आल्यावर रिचरने कंपनीचे ६० टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिले आणि प्रत्येकाला नोकरीच्या दर वर्षामागे १,००० पौंड बोनस दिला.

आपल्याकडे बेंटली सोडा, स्कूटरही देता येणार नाही. पण विचार करा, विक्रेत्याला महागड्या वस्तूवर कमिशन दिलं असतं तर काय झालं असतं? दारात घुटमळणाऱ्या जोडप्याला त्याने नको तो ८०,००० चा सेट गळ्यात मारला असता. त्यांच्या १० बाय १२ च्या हॉलमध्ये तो वाजलाही नसता नीट, आणि त्यांनी सोसायटीत तुमचं नाव खराब केलं असतं. ऑडिओमध्ये फसवणं फार सोपं आहे, कारण घेणाऱ्याला आपल्याच कानांवर भरवसा नसतो.

कसं फसवतात तेही सांगतो, म्हणजे तुमच्या दुकानात ते होणार नाही. दोन स्पीकर शेजारी ठेवायचे आणि जो खपवायचाय तो किंचित मोठ्या आवाजात वाजवायचा. माणसाच्या कानाला जरासा मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. एका डेसिबलचा फरकही पुरतो. कधी कधी विक्रेत्याच्या मनात फसवणूक नसतेही. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल तर एकाच व्हॉल्यूमवर दुसरा आपोआप मोठा वाजतो. पहिल्याला तेवढ्याच आवाजात आणायला दुप्पट पॉवर लागते. गिऱ्हाईक म्हणतं, “हा दुसरा भारी आहे.” विक्रेता पण मान डोलावतो.

उपाय स्वस्त आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप घ्या, ते बसायच्या खुर्चीजवळ ठेवा आणि दोन्ही स्पीकर सारख्या पातळीवर आणा. दोन अॅम्प्लिफायरची तुलना असेल तर एक किलोहर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि जुळवा. हे गिऱ्हाइकासमोर करा. पाच मिनिटं जातात, पण तुम्ही काय करताय हे त्याला दिसतं. वरचा तो स्पेसिफिकेशन पाठ असलेला माणूस आठवतो ना? तो काही घेत नाही, पण “या दुकानात लेव्हल मॅच करून ऐकवतात” हे गावभर तोच सांगतो.

डेमोबद्दल आणखी एक उदाहरण. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला ‘लिन’ नावाची कंपनी आहे, १९७३ ची. आयव्हर टिफेनब्रुन यांनी सुरू केली. त्यांचा ‘सॉन्डेक एलपी १२’ हा रेकॉर्ड प्लेअर अजून बनतो. त्या काळी ऑडिओ दुकानांत एका भिंतीवर वीस-तीस स्पीकर रचून ठेवायची पद्धत होती. बटण दाबलं की एक बंद, दुसरा सुरू. लिनचं म्हणणं असं की खोलीत एका वेळी एकच जोडी असावी, कारण बंद असलेल्या स्पीकरचे पडदेही हवेच्या हेलकाव्याने हलतात आणि आवाज बिघडवतात. त्यांच्या विक्रेत्यांना तशी खोली ठेवावी लागे. यातलं भौतिकशास्त्र किती आणि विक्रीकला किती यावर शौकीन आजही भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. दुकानदार म्हणून मला यातला फायदा सरळ दिसतो : वीस जोड्यांऐवजी तीन जोड्या ठेवाव्या लागतात. भांडवल कमी अडकतं. आणि गिऱ्हाइकाचं डोकं भंजाळत नाही.

याच कंपनीकडून दुसरी गोष्ट घेण्यासारखी आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा एलपी १२ आजच्या नव्या भागांनी सुधारून घेता येतो. आधी मोटरचा पुरवठा बदला, मग आर्म, मग बेअरिंग. म्हणजे एकदा घेतलेला माणूस त्याच विक्रेत्याकडे पुन्हा पुन्हा येतो. आपल्या डॉक्टरसाहेबांना, तेच दर आठ महिन्यांनी सेट बदलणारे, अशी पायरी-पायरीने वाट दाखवली तर त्यांचा जुना सेटही तुमच्याकडेच येईल. त्या जुन्या सेटकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी मालाबद्दल. छंदाच्या दुकानात डेड स्टॉक बहुतेक वेळा शौकिनांच्या प्रेमापोटी तयार होतो. ते म्हणतात, “अमुक अॅम्प्लिफायर ठेवा हो, ऐकायलाच लोक येतील.” येतात, ऐकतात. समजा तो ५१,००० ला आणला, विक्रीची किंमत ६०,०००. दीड वर्ष डेमोला वाजला आणि शेवटी ४५,००० ला काढला. ६,००० तिथेच गेले. त्या ५१,००० वर १४ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज १०,७१०. एकूण १६,७१०. असे दोन नग पूर्ण किमतीला विकले असते तर मार्जिन १८,००० मिळालं असतं. म्हणजे दोन विक्र्या एका हौसेने खाल्ल्या. शौकिनांचं ऐका, त्यांच्याकडून शिका, पण खरेदीची यादी त्यांच्याकडून करून घेऊ नका. ज्याला डेमो पीस हवाय त्याने आधी निम्मे पैसे भरून ऑर्डर द्यावी. नाही दिली तर समजून जा.

मग या धंद्यात पैसा कुठे आहे? माझ्या मते लहान गावात तो तीन जागी आहे आणि नवा माल त्यातला सगळ्यात कमजोर. दुसरी जागा किरकोळ सामान : पिन, बेल्ट, केबल, स्टँड. तिसरी दुरुस्ती. जुन्या स्पीकरचा फोम सराउंड पंधरा-वीस वर्षांत कुजतो, आपल्या दमट हवेत आणखी लवकर. जुन्या अॅम्प्लिफायरचे कंडेन्सर सुकतात, मग हम येतो. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल होतो आणि गाणं रेंगाळतं. हे काम ऑनलाइन होत नाही.

वरचाच हिशेब पुन्हा लावू. महिन्याचा खर्च ५०,०००. फक्त नव्या मालाच्या १५ टक्के मार्जिनवर तो भरून काढायचा तर महिन्याला सुमारे ३,३३,००० ची विक्री हवी. आता दुरुस्तीच्या मजुरीतून १५,००० आले आणि किरकोळ सामान ४०,००० चं विकून ३५ टक्क्यांनी १४,००० आले असं धरा. २९,००० झाले. उरलेल्या २१,००० साठी नवा माल फक्त १,४०,००० चा विकावा लागतो. सव्वातीन लाखांवरून एक लाख चाळीस हजार! रात्री झोप लागण्यात हाच फरक आहे.

आणि चौथी जागाही आहे, ती बहुतेकांना दिसत नाही : जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री. डॉक्टरसाहेबांचा उतरवलेला सेट आला, तुम्ही तपासला, कंडेन्सर बदलले, सहा महिन्यांची स्वतःची गॅरंटी दिली. इंजिनिअर पोरगा नवा सेट घेणार नव्हता, हा घेतो. इथे जीएसटीचा एक नियम माहीत असलाच पाहिजे. सीजीएसटी नियम ३२(५) नुसार जुन्या वस्तूंचा व्यवहार करणारा नोंदणीकृत व्यापारी पूर्ण किमतीवर नाही, तर खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर कर भरू शकतो. अट अशी की त्या खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं आणि वस्तूचं स्वरूप बदललेलं नसावं, किरकोळ दुरुस्ती चालते. ८,००० ला घेतलेला अॅम्प्लिफायर १४,००० ला विकला तर १८ टक्के कर ६,००० वर, म्हणजे १,०८०. पूर्ण १४,००० वर लावला असता तर २,५२० झाला असता. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसते, पण दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिथे मर्यादा वेगळी, म्हणून सीएला विचारूनच ठरवा. जुनं यंत्र घेताना विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती घ्यायलाच हवी. चोरीचा माल दुकानात सापडला की पोलिसांना तुमची आवड दिसत नाही. ब्लूटूथ स्पीकरसारखा माल ठेवणार असाल तर त्यावर बीआयएस नोंदणीचा शिक्का आहे का तेही बघा. बिनशिक्क्याचा ‘बाहेरचा’ माल स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका.

जागेबद्दल थोडक्यात. हाय-फायचं गिऱ्हाईक शोधत येतं, रस्त्यावरून जाता जाता आत शिरत नाही. मेन रोडचं भाडं इथे वाया जातं, वर हॉर्नचा आवाज. मागच्या गल्लीत पहिला मजला घ्या. खोली चौकोनी नको, लांबट हवी, १० बाय १४ चालेल. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागे पुस्तकांनी भरलेलं शेल्फ. महागडे फोम पॅनल नंतर बघता येतील. गिऱ्हाइकाच्या घरीही सतरंजी आणि पडदेच असतात.

शौकिनांच्या बैठकीला मात्र जागा द्या, वेळ ठरवून. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने तबकड्या जमवणाऱ्या मंडळींना ऐकण्याच्या बैठकींसाठी एकत्र आणलं, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिकही काढलं. त्यामागे कोणतंही दुकान नव्हतं, नुसती ओढ होती. तुमच्या गावातही अशी दहा माणसं असतात. महिन्यातला एक रविवार, सकाळी दोन तास, दुकान बाकीच्यांसाठी बंद. काकांनी तबकड्या आणाव्यात, पोराने स्वतः बनवलेला अॅम्प्लिफायर आणावा. चहा तुमचा. त्या दिवशी काहीही विकू नका. आणि शनिवारी संध्याकाळी, खऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळेला, त्याच मंडळींना हसत सांगा, “काका, रविवारी बसू.” ते रागावणार नाहीत. दारातलं जोडपं आत येईल.

आता कोल्हापूरच्या त्या मित्रासाठी. मेन रोडचा गाळा नको. वडिलांच्या सहा लाखांना हात लावू नकोस, ते एफडीत राहू देत. स्वतःच्या तीन लाखांतलं एक लाख खोली, वर्कबेंच आणि मीटरला, एक लाख जुनी यंत्रं घ्यायला आणि एक लाख सहा महिन्यांचा राखीव खर्च, असं कर. भाडं सात-आठ हजारांच्या वर जाईल अशी जागा बघूच नकोस. मदतनीस पहिलं वर्षभर नाही. नवा माल फक्त ऑर्डरवर, निम्मे पैसे आधी घेऊन. आठ वर्षांत ज्यांची यंत्रं तू नीट केलीस त्यांची यादी आजच्या आज वहीत लिही : नाव, कोणतं यंत्र, शेवटचं काम कधी केलं. पण आताच्या मालकाकडे रीतसर नोटीस दे, आणि त्याच्या दुकानात असताना त्याच्या गिऱ्हाइकांना स्वतःकडे बोलवू नकोस. गाव लहान आहे. नवीन जागा उघडल्यावर मग फोन कर.

आणि प्रत्येक डेमोची नोंद ठेव. तारीख, किती वेळ, काय ऐकवलं, घेतलं की नाही, नसेल तर का. तीन महिन्यांची वही झाली की तिचे फोटो मला पाठव, त्यावर एक स्वतंत्र व्हिडिओ करू. बाकीच्यांनीही हेच करायला हरकत नाही, दुकान कसलंही असो. वहीचा नमुना व्हिडिओखालच्या लिंकमध्ये दिलाय, छापून घ्या.